पानीचं पाणी

आमच्या लीड्सच्या घरात तीन तऱ्हेचं मराठी नांदत होतं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट माझं. आईचं मराठी इस्त्री केलेलं, कडक घडीचं. बाबांचं वर्धेकडचं, जसं तोंडात आलं तसं. माझं म्हणजे इंग्रजी वाक्याला मागून चिकटवलेलं शेपूट. 'माझा आई', 'तो खुर्ची', 'मी आलो' असं बोलत मी सतरा वर्षांची झाले होते. तरीही भाषेला शिस्त लावायची हौस घरात सगळ्यात जास्त कुणाला, तर मला. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हटलं असावं.

घर म्हणजे विटांच्या घरांच्या रांगेतलं एक. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि जिन्याच्या डोक्यावर बॉक्सरूम. त्या खोलीत एक माणूस बसला की दुसऱ्याला दारात उभं राहावं लागे, तरी बाबा आणि मी तिथे दोन खुर्च्या घुसवल्या होत्या. बाबा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायचे, आई दुसऱ्या हॉस्पिटलात नर्स. रविवारी सकाळी खाली बुद्धवंदना, मग झुणका आणि हेअरहिल्सच्या दुकानातून आणलेल्या पिठाच्या भाकरी, आणि जेवून हात धुतले की बापलेक वर. मोडेम लावला की तो आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि खालून आईचा आवाज यायचा, "फोन सोडा आता, मला वॉर्डला फोन करायचाय!" रेडिएटरवर वाळत घातलेल्या युनिफॉर्मचा दमट वास, भाजलेल्या ज्वारीचा वास आणि तापलेल्या मॉनिटरचा वास असे तिन्ही त्या खोलीत एकत्र यायचे. माझ्या लहानपणाचा वास कोणता म्हणून कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

आम्ही दोघं तिथून एक वेबसाइट चालवायचो. तिचं नाव होतं 'डाव'. आम्ही खेळलेल्या कॉम्प्युटर गेम्सबद्दल मी इंग्रजीत लिहायची आणि बाबा मराठीत. पानाच्या डोक्यावर मी ओळ टाकली होती: मराठी अक्षरं दिसत नसतील तर हा फॉन्ट उतरवून घ्या. बाबांना एकच गेम आवडायचा. नदीकाठचं एक गाव, त्यात चर खणायचे, पाट काढायचे, घराघरात पाणी पोचवायचं. ते एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर सापडलं की खूश व्हायचे. त्यांच्या पहिल्या लेखाचं नाव मला पाठ आहे, 'गावात पानी आनायची युक्ती'. त्यात त्यांनी लिहिलं होतं, "पह्यले पाहा का पानी सगळ्यात शेवटी कोनाच्या घरी जाते. मंग त्याच्याच घरापासून चर खना." बाबांच्या गावात त्यांच्या आईला विहिरीपासून लांब घागर ठेवून कुणी वरून ओतायची वाट बघावी लागे, हे मला ठाऊक होतं. तरी ते वाक्य वाचून मला काय सुचलं, तर कोनाच्या नव्हे, कोणाच्या.

साइट म्हटली की तिला नियम हवेत, हे मी कुठल्याशा मोठ्या साइटवर वाचलं होतं. मग मी 'लेखननियम' असं एक पान केलं. इंग्रजी स्पेलिंग ब्रिटिश ठेवायचं. आकडे दहापर्यंत अक्षरात. 'गेम' तो की ती, यावर आठवडाभर घरात वाद झाला. आई म्हणे ती, बाबा म्हणे तो, शेवटी मी नियम केला की तो. पहिल्याच उत्साहात मी सगळ्या फाइलींमधल्या अमेरिकन 'कलर'मध्ये एक यू घुसवला आणि साइटचे सगळे रंग उडाले, कारण कॉम्प्युटरच्या आज्ञेतला 'कलर' अमेरिकनच लागतो. बाबा पोट धरून हसले. त्या दिवशी मी शहाणी व्हायला हवी होते.

नियम क्रमांक सात आईचा होता. न आणि ण यांत गल्लत करू नये. आई मूळची बाबांच्याच बाजूची, वर्ध्यापासून दोन गावं पलीकडची, हे तिचं बोलणं ऐकून कुणालाही पटलं नसतं. पुण्याला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा होस्टेलमधल्या मुली तिला 'पानी' अशीच हाक मारायच्या. मेसमध्ये पुढे गेली की मागून, "पानीला पाणी द्या गं!" मग ती रोज न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून पाणी, लोणी, कोणी असं घोकायची. वर्षभरात तिने जीभ अशी घासली की परीक्षेला आलेल्या बाईंनी विचारलं, तू सदाशिव पेठेतली का? हे सांगताना तिला आनंद व्हायचा की दुःख, ते मला तेव्हा कळलं नाही. मला ती एवढंच म्हणायची, "लोक हसायला टपलेले असतात, मितू. त्यांना संधी द्यायची नाही." माझं नाव संघमित्रा, घरात मितू.

तर एका दुपारी बाबा कामावर असताना मी त्यांचे सगळे लेख उघडले. शोधा: पानी. बदला: पाणी. सगळीकडे. एका बटणाचं काम. मग कोनी, आनि, लोनी. त्यानंतर मात्र हाताने बसले. 'मले'चं 'मला', 'काऊन'चं 'का', 'खेळून राह्यलो'चं 'खेळत आहे'. अडलं तिथे खाली जाऊन आईला विचारलं. दोन तासांत बाबांचे अकरा लेख स्वच्छ झाले आणि जुन्या फाइलींवर मी नव्या चढवल्या. बाबांनी संध्याकाळी येऊन ते पडद्यावर वाचले.

"बसल्या जागी पुन्याचा झालो ना मी!" ते म्हणाले.

"बाबा, ते रूल आहे. साइटला कन्सिस्टन्सी लागतो."

"हाव, हाव. तुही साइट, तुहे नियम." आणि ते हसले, म्हणून मीही हसले. त्यानंतरही ते लिहीत राहिले, पण आधी मला विचारायचे, "हे चालन का?" आणि मी त्यांच्या मांडीवरून हात पुढे करून ते दुरुस्त करायची.

पुढे एका शनिवारी सकाळीही मी हेच केलं. ते टाइप करत होते, मी शेजारच्या खुर्चीवर टोस्ट खात होते. पडद्यावर अक्षरं आली, पपपान्नन, आणि पुढे नुसतेच न. मी म्हटलं, "बाबा, स्पेलिंग!" मी बॅकस्पेस दाबून ते पुसलं. पुन्हा तसंच आलं. मी पुन्हा पुसलं, वैतागले, "तुम्ही नीट बघा तरी." किती मिनिटं गेली असतील? पाच? दहा? मग त्यांचा हात कीबोर्डवरून घसरला आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. उजवी बाजू खाली ओघळली होती. डॉक्टरांनी नंतर विचारलं, लक्षणं नेमकी कधी सुरू झाली, आणि मी म्हटलं, आत्ताच, लगेच. ते खोटं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

स्ट्रोकने बाबांचं इंग्रजी साफ पुसून नेलं. वीस वर्षं ज्या भाषेत नोकरी केली, बसवाल्याशी गप्पा मारल्या, कौन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, भांडले, त्यातला एक 'यस' उरला नाही. मराठी उरलं, तेही तुटक, आतून ओढून काढल्यासारखं. स्पीच थेरपिस्ट हेलन नावाची एक तरुण मुलगी होती, मनाने फार चांगली. तिने इंटरप्रिटर मागवला. मिस्टर लिमये आले, साठीचे, पुण्याचे, टापटीप जॅकेट. तेही चांगलेच होते. वाईट माणूस या सगळ्यात कुणीच नव्हता, आणि म्हणूनच कुणावर ओरडता येत नव्हतं. हेलन चित्रं दाखवायची, बाबा बोलायचे, लिमयेकाका मान तिरकी करून ऐकायचे आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगायचे, आणि हेलन कागदावर फुल्या मारायची. मला बाहेर बसवायचे. काचेतून मला फक्त फुल्या दिसायच्या.

दुसऱ्या आठवड्यात हेलनने आईला आणि मला बसवून सांगितलं. बाबांना शब्द सापडत नाहीत, सापडले तर चुकीचे सापडतात, काही तर भाषेत नसलेलेच, आवाजांची अदलाबदल होते, समजही शंकास्पद. गुरुवारी मीटिंग आहे. पुन्हा चालायला-बोलायला शिकवणाऱ्या रिहॅब युनिटमध्ये एकच बेड आहे आणि तो सुधारण्याची शक्यता असलेल्या पेशंटला जातो. नाहीतर नर्सिंग होम, म्हणजे कायमचं अंथरूण धरलेल्या म्हाताऱ्यांचं घर. आईने त्या नर्सिंग होमचं नाव विचारलं आणि नाव ऐकून तिचा चेहरा बदलला. ती तिथे एजन्सीकडून शिफ्ट करून आली होती. बाबांचं वय तेव्हा चव्वेचाळीस. आज मी त्या वयाला टेकले आहे आणि सकाळी आरशात दात घासताना उगाच दोन्ही गाल सारखे हलतात का ते बघते.

मंगळवारी मी डब्यातून झुणका-भाकर नेली. आईने वरून कोथिंबीर भुरभुरली होती. लिमयेकाका तिथेच होते. बाबांनी डाव्या हाताने ती हिरवी पानं उचलली, हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "सांबार."

लिमयेकाकांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. "हे असंच होतंय बघ. कोथिंबिरीला सांबार म्हणतायत. खाण्याचाच शब्द, पण भलता. काल बटाट्याला आलू म्हणाले, म्हणजे हिंदी मिसळतंय. पाणीसुद्धा नीट म्हणता येत नाही, पानी पानी करतात."

आमच्या घरात बाबा कोथिंबिरीला सांबारच म्हणायचे. जन्मभर. "मितू, सांबार आन वं फ्रिजातला." त्या सगळ्या फुल्या बाबांच्या आजारावर नव्हत्या, बाबांच्या गावावर होत्या.

मी म्हटलं, "अंकल, ते आधीपण असंच बोलायचे. पानीच म्हणायचे. ते त्याचा मराठी आहे!"

ते चांगुलपणाने म्हणाले, "घरच्यांना असं वाटतं, बेटा. तुला मराठी कितपत येतं?" माझ्या तोंडून 'त्याचा मराठी' निघालं होतं.

हेलनला सांगितलं, तर तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, काही पुरावा आहे का, जुनं रेकॉर्डिंग, पत्रं, त्यांनी स्वतः लिहिलेलं काही? मी जवळजवळ ओरडलेच, "हो, त्यांची वेबसाइट आहे!" बसने घरी आले, कोट न काढता वर गेले, कॉम्प्युटर सुरू केला. पहिला लेख. 'गावात पाणी आणण्याची युक्ती.' दुसरा लेख. पाणी. तिसरा. पाणी, कोणी, मला, का, खेळत आहे. अकराच्या अकरा. मी प्रत्येक फ्लॉपी घालून बघितली, टोपलीत पडलेल्या, शाळेच्या बॅगेतल्या, लेबल नसलेल्या. बॅकअप घ्यायचा हाही माझा नियम होता, आणि मी तो दुरुस्तीनंतर पाळला होता. बाबांच्या हातचा एक 'पानी' कुठे शिल्लक नव्हता. ते कागद छापून नेले असते, तर लिमयेकाकांच्या म्हणण्याला मीच पुरावा दिला असता, की बघा, हा माणूस आधी किती शुद्ध होता. मी खुर्चीत बसून डोकं बडवून घेतलं. खरंच बडवलं, कपाळाला टेंगूळ आलं.

बाबांचे आईवडील नव्हते, भाऊबहीण नव्हते. ज्याच्याकडे त्यांचं जुनं पत्र असेल किंवा ज्याला फोन करून साक्ष काढावी, असं कुणी नव्हतं. आई होती. बुधवारी संध्याकाळी ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती तेव्हा मी तिला म्हटलं, "तू बोल. मीटिंगमध्ये तू बाबांशी त्यांच्यासारखं बोल. तुला येतं."

"मला नाही येत आता."

"आई, प्लीज. तू विसरली नाहीस."

तिने इस्त्री उभी ठेवली. "त्या लिमयांच्या समोर? काय मागतेयस कळतंय का तुला? ती बोली गिळायला मला काय काय लागलं ते माझं मला माहीत. आता म्हणतेस, ओक." मग तिने पुन्हा इस्त्री फिरवली, एकाच बाहीवर कितीतरी वेळ, करपल्याचा वास येईपर्यंत.

गुरुवारी मीटिंगच्या खोलीत डॉक्टर, हेलन, सोशल वर्कर आणि लिमयेकाका. बाबांना व्हीलचेअरमधून आणलं. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. ती बाजू त्यांना दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हेलनने आकडे वाचले. मी त्या कोथिंबिरीचं सांगितलं, डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. सोशल वर्करने आईपुढे नर्सिंग होमचा फॉर्म सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. आईने पेन घेतलं. संपलं, असं वाटलं.

पेन तसंच हातात धरून आई बाबांकडे वळली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही.

"काऊन जी, आयकून राह्यले ना? हे लोक म्हनतेत तुमाले काईच समजत नाई. कुठी जा लागते तुमाले? सांगा यायले."

बाबांनी मान उचलली. दोन आठवड्यांत ती अशी उचललेली मी बघितली नव्हती. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "घरी," ते म्हणाले. "घरी जा लागते." मग दम घेऊन, "पोट्टी... पोट्टी एकटी हाये. वाट पाहून राह्यली असन."

मी, त्यांची पोट्टी, त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर होते. आई रडत होती आणि बोलत होती, भाकरीचं, वर्ध्याच्या उन्हाचं, लग्नात बाबांचा जोडा हरवला त्याचं, आणि बाबा तिला तुटक तुटक पण नेमकी उत्तरं देत होते, मधे एकदा तर तिची चूकही काढली. लिमयेकाकांनी चष्मा काढला. डॉक्टरांना ते इंग्रजीत म्हणाले की या फुल्यांतल्या बऱ्याच माझ्या आहेत, या माणसाच्या नाहीत. मग आईला म्हणाले, "वहिनी, माझी चूक झाली." आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. रिहॅबचा बेड बाबांना मिळाला.

इथवरची गोष्ट आई पुढे सगळ्यांना सांगायची, आणि इथेच थांबवायची. पण मी लिहायला बसले आहे, तर पुढचंही लिहायला हवं. रिहॅबमध्ये हेलनने विचारलं की वाचनाच्या सरावाला मराठी मजकूर हवा, ओळखीचा असला तर उत्तम, त्यांनी लिहिलेलं आहे म्हणाली होतीस ना? मी एक अख्खा दिवस ते लेख परत मूळचे करायला बसले. पाणीचं पानी एका बटणात झालं. पण हाताने बदललेली वाक्यं? तिथे 'काऊन' होतं की 'कायले'? 'पाट काढा लागते' होतं, की 'काढून घ्या लागते'? बाबांचं ते शेवटच्या घराचं वाक्य सोडलं तर मला काही आठवेना. माझं वऱ्हाडी वाचून आई म्हणाली, "हे कुठलंच नाही गं. आधी त्यांना वाचू तरी दे." मी शुद्ध केलेले लेखच छापून दिले. हेलन म्हणाली, परफेक्ट.

लिमयेकाका आठवड्यातून तीनदा यायचे, शेवटी शेवटी तर पैसे न घेता, स्वतःच्या हौसेने. त्यांना भरपाई करायची होती. एक ओळ ते वाचायचे, तीच बाबा वाचायचे, बोट ठेवून, अक्षर अक्षर. ण आला की काका स्वतःचं तोंड उघडून दाखवायचे, जीभ वर, टाळूला. दहादा, वीसदा. बाबा घाम येईपर्यंत करायचे. मी दारातून बघत उभी राहायची. त्यांना थांबवावं असं मला वाटायचं, पण मी थांबवलं नाही. माणूस बोलू लागला होता, आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की ही वाक्यं त्यांची नाहीत? आज मी कौन्सिलच्या पत्रकांची भाषा तपासायचं काम करते, आणि कुणाचंही वाक्य बदलताना आधी मूळ प्रत वेगळी ठेवते. सहकारी मला त्यावरून चिडवतात.

तीन महिन्यांनी बाबा घरी आले. पलंग खाली पुढच्या खोलीत लावला होता. हेलनच्या शेवटच्या रिपोर्टमध्ये 'एक्सलंट' असा शब्द होता. आई त्या मीटिंगनंतर बाबांशी वऱ्हाडीच बोलायची, माझ्याशीसुद्धा, जणू इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम वाहू लागलं होतं. त्या दुपारी ती किचनमध्ये वडाभाताची तयारी करत होती, तेल तापत होतं. मी बाबांच्या उशा नीट करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जीभ टाळूला लावली आणि सावकाश, एकेक अक्षर ठेवत, स्वच्छ आवाजात म्हणाले, "मला पाणी हवं आहे."

किचनमधला झाऱ्याचा आवाज थांबला.

"कोन आलं वं, मितू?" आईने आतून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "बाबा आहेत."